मांडेगव्हाणचा वीरोबा

परभणी
६ नोव्हेंबर २०२४

श्री. बन्सीधर सिताराम गुरव यांना
सप्रेम नमस्कार.

मी प्रभा. गोविंदराव मास्तरांची धाकटी. सातवीपर्यंत आपण एका वर्गात होतो, मारुतीच्या देवळात भरायची त्या शाळेत. तुम्ही खांबाला टेकून बसायचे आणि माझ्या पाटीवर खडूची भुकटी उडवायचे. आता तरी आठवलं का?

आधी फोनच केला होता. सूनबाई म्हणाल्या, "मामांना ऐकू येत नाही हो. नगारा वाजवून वाजवून कान गेले. पण वाचतात सगळं, पेपर तर जाहिरातींसकट." म्हणून हे पत्र. मलाही बरंच झालं. लिहिलेलं हाताशी राहतं.

काम असं आहे. आपल्या सरपंच प्रियदर्शनी गावाचं छोटं पुस्तक काढायचं म्हणतात, चौसष्ट पानांचं. गावाचा इतिहास, जुन्या जागा, माणसं. लिहायचं मी. एकतीस वर्षं परभणीच्या मुलींना इतिहास शिकवला, सातवाहनांपासून निजामापर्यंत. पण मांडेगव्हाणवर चार ओळी लिहायला बसले तर पेन पुढे सरकेना. गाव सोडूनही पन्नास वर्षं झाली.

तेव्हा मला एवढं कळवा. वेस कधी पडली? चावडीच्या भिंतीतल्या दगडावर उर्दूत काय लिहिलं होतं? आणि वीरोबाबद्दल सगळं. ती पूजा पिढ्यान्‌पिढ्या तुमच्याच घरात आहे. आम्ही मुली पायरीच्या खाली उभ्या राहायचो, त्यामुळे वीरोबा म्हटलं की मला फक्त शेंदरातले दोन चांदीचे डोळे आठवतात, तेही लांबून. शेंदराच्या आत मूळ दगड कसा आहे? त्यावर काही कोरलेलं आहे का?

सवडीनं लिहा. घाई नाही, पण माघापर्यंत मजकूर हातात हवा.

प्रभावती


मांडेगव्हाण, ता. मानवत
२१ नोव्हेंबर २०२४

प्रभाताईस बन्सीधरचा रामराम.

तुमचं पत्र पोस्टमननं हातात दिलं तवा सून मनली, मामा, तुमाला बँकेचं सोडून कुणाचं पत्र आलं? मी मनलो, माज्या वर्गातल्या पोरीचं. ती लय हसली.

खडूचं आठवतंय. मास्तरनं त्यापायी मला कोंबडा केलं होतं, ते तुमी इसरल्या.

वेस त्र्याऐंशीच्या पावसात बसली. कमानीचे चिरे ज्याला जसे जमले तसे लोकांनी नेले. एक मोठा चिरा माज्या दारात हाय, त्यावर धुणं धुवायलेत. पुस्तकात लिवायचं तर लिवा, मला लाज न्हाई, सारं गावच धुवायलंय.

चावडीचा दगड लय मजेचा हाय. निजामाच्या वक्ताचा. त्यावरलं कुणालाच वाचता येत नव्हतं, मनून बाया येता जाता त्याला हळदकुंकू लावायच्या. पुढं मानवतचे एक मौलवीसाब सोयरिकीच्या कामानं गावात आले. त्यांनी चष्मा लावून वाचलं आन् हसू दाबीत सांगलं, "यहाँ घोडे बांधना मना है." तरी बी काही बायांनी हळदकुंकू बंद केलं न्हाई. मनल्या, इतके दिस लावलं, आता एकदम कसं सोडायचं.

वीरोबाचं तुमाला ठावं हाय तेच. पाचशे वर्सं झाली आसतील. चोर गावच्या गाई न्यायला आले. वीरोबा एकटा आडवा गेला. मुंडकं पडलं तरी धड लढत होतं, गाई परत वेशीत आल्या तवाच धड पडलं. गडी लग्नाचा नव्हता, मनून बायांची सावली चालत न्हाई. बाया पायरीखालूनच नारळ देतात, आमी वर फोडतो. माज्या आज्यापासून आसंच चालत आलंय.

शेंदराखाली काय आसणार? दगडच आसणार.

कापूस येचायला माणूस मिळत न्हाई. अर्धं गाव ऊसतोडीला गेलंय, आमच्या शेजारची सारजाबाई बी गेली या वयात. बाकी ठीक हाय.

तुमचा
बन्सीधर गुरव


परभणी
१८ डिसेंबर २०२४

बन्सीभाऊंना नमस्कार.

चावडीचा दगड वाचून मी एकटीच घरात मोठ्यानं हसले. ते तसंच्या तसं पुस्तकात जाणार, तुमच्या नावानं.

आता एक विचारते. राग मानू नका.

मागच्या रविवारी आम्ही निवृत्त शिक्षिका चारठाण्याची देवळं बघायला गेलो होतो. सोबत इतिहासाचे एक प्राध्यापक होते. परतताना एका शेताच्या बांधाला अर्धा पुरलेला दगड त्यांनी दाखवला. त्यावर एक हात कोरलेला होता. कोपरात वाकलेला, तळवा वर, मनगटापासून बांगड्या, बाजूला चंद्र आणि सूर्य. ते म्हणाले, ही सतीची शिळा. जी बाई नवऱ्याच्या चितेत गेली तिच्यासाठी असा हात उभा करत.

मी त्या दगडासमोर उभी राहिले आणि मला आपला वीरोबा दिसायला लागला. तो सरळ नाही, बन्सीभाऊ. मधे वाकलेला आहे. लहानपणी आम्हाला वाटायचं की वीरोबा गुडघा मोडून बसलाय. आणि डोळे इतके वर का बसवलेत याचं मला तेव्हाही नवल वाटायचं.

हे नुसतं पुस्तकापुरतं असतं तर मी एवढं खोदून विचारलं नसतं. पण आमच्या घरात वीरोबामुळे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. बाहत्तरच्या आषाढात तुमचे वडील तापानं अंथरुणाला खिळले होते आणि तुम्ही आजोळी होतात. तीन संध्याकाळी वीरोबापुढं दिवा लागला नाही. माझ्या थोरल्या बहिणीला, गीताअक्काला ते बघवेना. ती पायरी चढली आणि दिवा लावून आली. सलग तीन दिवस. तिसऱ्या दिवशी तात्याराव पोलीस पाटलांनी पाहिलं. त्या वर्षी पाऊस आलाच नाही. सगळ्या मुलखात आला नाही, पण आपल्या गावात तो अक्कामुळे आला नाही. भाद्रपदात आमचा धाकटा भाऊ अवधूत हगवणीनं गेला, चार वर्षांचा. तोही अक्कामुळेच गेला. मार्गशीर्षात तिला निजामाबादच्या एका बिजवर कारकुनाला दिली. लग्न गावात नको म्हणून बासरच्या देवळात उरकलं. ती सतरा वर्षांची होती. त्यानंतर तिनं मांडेगव्हाणात पाऊल टाकलेलं नाही. आम्हीही वर्षभरात गाव सोडलं.

तुम्ही तो दगड रोज हातानं माखता. तुमच्या हाताला कधी काही लागलं का? बांगडीसारखं?

प्रभावती


मांडेगव्हाण
१५ जानेवारी २०२५

प्रभाताईस रामराम.

तूर काढणीला आली, हात रिकामा न्हाई. मनून थोडकं लिवतो.

वीरोबाचं मी लिवलं तेवढंच मला मालूम हाय. भुजंगराव पाटलांनी पायरीला स्टीलचं कठडं आन् फरशी द्यायचं कबूल केलंय. सोबत पाटी बी लागणार, "स्त्रियांनी पायरीवर येऊ नये". पुस्तक निघायच्या आत सारं व्हावं आसा त्यांचा इचार हाय, फोटो चांगला येईल मनून.

जुन्या दगडात हात घालू नये ताई.

बन्सीधर


परभणी
९ फेब्रुवारी २०२५

बन्सीभाऊंना नमस्कार.

तुम्हाला दुखवलं असं दिसतं. तो देव तुमचा आहे, तुमच्या घराण्याची सेवा आहे, आणि मी बाहेरून येऊन खरवडायला निघाले. माझं चुकलं. मास्तरकीची सवय, समोरच्याला उभं करून प्रश्न विचारायचा.

पुस्तकात तुम्ही सांगितलेली कथाच जाईल. ते पान सोबत पाठवते. वाचून खूण करा. चूक असेल तर समासात लिहा, आणि खाली सही करा. प्रत्येक माहिती देणाऱ्याची सही घ्यायची असं प्रियदर्शनीनं ठरवलं आहे.

एक वाईट बातमी. अक्काचे यजमान डिसेंबरच्या शेवटी गेले. मी तिकडे पंधरा दिवस राहून आले. एका दुपारी गहू निवडता निवडता मी तिला पुस्तकाचं सांगितलं, तुमच्या पत्रांचंही. तिनं मूठभर गहू निवडून बाजूला केले. मग म्हणाली, "बन्सी चांगला पोरगा होता. त्याच्या बापाला बिचाऱ्याला माझ्यापायी गावानं लय बोल लावले असतील."

तुमच्याबद्दल तिच्या मनात काहीच नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

प्रभावती


मांडेगव्हाण
२ मार्च २०२५

प्रभाताई,

पान परत पाठवतोय. सही केली न्हाई. का न्हाई केली ते लिवतो. तीन कागद फाडले, हा चवथा हाय. रानात बाभळीखाली बसून लिवायलोय, घरी सून इचारते काय लिवायलाव मनून.

तुमचं माजं काही दुखवणं झालेलं न्हाई. मी खोटं बोललो.

गीताक्कानं दिवा लावल्याचा बोभाटा झाला, आन् मग तुमचा अवधूत गेला, तवा गावानं बाला सांगलं की वीरोबा बाटलाय, त्याला उन्ऊन पाण्यानं आन् गोमुतरानं धुवून काढ. मार्गशीर्षाचा महिना व्हता. दुपारी सारं गाव खडी फोडायला दुष्काळी कामावर गेलं व्हतं. बा आन् मी, दोगंच. चुलवणावर पाणी तापवलं आन् बानं घागर वतली. शेंदूर तडकला. ताटायेवढी खोळ सुटली आन् पायरीवर पडून फुटली. डोळे बी त्यासंगंच पडले.

आत हात व्हता ताई. कोपरात वाकलेला. तुमी लिवलं तसाच, चंद्र सूर्य बी. बांगड्या मी मोजल्या. सात.

मी मनलो, बा, हा तर बाईचा हात हाय. बानं माज्या मुस्काटात मारली. जन्मात पहिल्यांदा. मग तो तिथंच खाली बसला आन् रडायला लागला.

गीताक्काचं लगीन आठ दिसावर व्हतं. मी मनलो, बा, मास्तरला सांगू. आत्ताच जाऊन सांगतो. अक्काचा काही गुना न्हाई, देवच बाई हाय. बा मनला, "सांगून काय व्हईल? उद्या गाव मला इचारल, मग इतक्या पिढ्या तुमी काय पुजत व्हता? बायांना पायरीखाली उभं करणारे तुमीच ना? देवाची जमीन जाईल, पुजा जाईल. आपुन खायाचं काय या दुष्काळात?" माजा हात त्या दगडावर दाबून धरला आन् शपथ घातली. सांजपातुर आमी तेल शेंदूर कालवून सारं परत माखलं. डोळे चिकटवले. घाईत थोडे वरच बसले. तुमी म्हंता ते खरं हाय, पर ते त्या दिसापासूनच तसे हायेत. त्याच्या आदी खाली व्हते.

आठव्या दिशी तुमची बैलगाडी मानवत रोड टेसनाला निघाली. मी वेशीजवळ उभा व्हतो. मास्तर पुढं, तुमची माय पदर वढून बसलेली, तुमी झोपलेल्या. गीताक्कानं मला बगितलं. मनली, "बन्सी, दिवा लावत जा रं येळेवर."

मी काहीच बोललो न्हाई. गाडी गेली.

बा एक्याण्णव साली वारला. शपथ त्याच्यासंगं गेली आसं मानून मी दुसऱ्या दिशी बी सांगू शकलो आसतो. तवा तर कुणाची भीती व्हती? न पोटाची, न बापाची. नुसती सवय. बाया खालून नारळ देयच्या, मी वर फोडायचो. माजी बायको बी चाळीस वर्सं खालीच उभी राहिली आन् तशीच गेली. तिलाबी सांगलं न्हाई.

या पानावर सही मागितली मनून हे निघालं. न्हाईतर तसंच गेलं आसतं माज्यासंगं.

तुमी आता काय मनाल ते कबूल.

बन्सीधर


परभणी
२६ मार्च २०२५

बन्सीधर,

तीन आठवडे उत्तर दिलं नाही. 

पहिल्यांदा वाटलं, आत्ताच्या आत्ता रिक्षा करावी, मांडेगव्हाणात यावं आणि तुम्हाला चौकात उभं करून विचारावं. मग आठवलं की त्या दोन महिन्यांत मीही अक्काशी बोलत नव्हते. एका खोलीत, एका गोधडीवर झोपायचो आम्ही, आणि मी पाठ करून झोपायचे. मला कुणी शपथ घातली नव्हती. मला खरंच वाटत होतं की अवधूत तिच्यामुळे गेला. तुम्ही तेराचे होतात, मीही तेराचीच. तुम्हाला निदान खरं काय ते माहीत होतं.

तुमचं पत्र मी अक्काला पाठवलं आहे. तुम्हाला विचारलं नाही. ते तिचं होतं.

तिनं काय करावं ते ती ठरवेल. पुस्तकातलं वीरोबाचं पान मी कोरं ठेवलं आहे.

प्रभावती


निजामाबाद
१४ एप्रिल २०२५

बन्सीधर यास गीताचे अनेक आशीर्वाद.

तुला अरेतुरे करते. तू माझ्या डोळ्यांसमोर आहेस तो चड्डी सावरत फिरणाराच आहेस, पासष्ट वर्षांचा मला डोळ्यांसमोर आणता येत नाही.

प्रभानं पाठवलेलं तुझं पत्र दोनदा वाचलं. इथं मराठी बोलायला कुणी नाही, यांच्याशीच बोलायचे, आता तेही नाहीत. त्यामुळे तुझं पत्र मोठ्यानं वाचलं.

तू फार ओझं घेऊन बसलास रे. मला दूर दिलं, बिजवराला दिलं, हे खरं. पण माणूस चांगला निघाला. मला दहावीला बसवलं, तेलुगू लिहायला शिकवलं. पुढे मी पोस्टात चोवीस वर्षं नोकरी केली. दोन मुलगे आहेत. माझं वाटोळं झालं असं समजून तू झुरत असशील तर ते सोडून दे. आणि दिवा लावताना मी तो दगड नीट पाहिलाही नव्हता. वारा असायचा, वात विझायची, सगळं लक्ष तिकडंच. देव आहे का देवी, मला कुठं ठाऊक? अंधार पडायला नको एवढंच डोक्यात.

मला जे लागलं ते वेगळं आहे. ते मी प्रभालाही कधी सांगितलं नाही, तिला पत्र दाखवलंस तरी चालेल. अवधूत गेला त्या सकाळी मी धावत आत गेले, तर आईनं मला उंबऱ्यातच अडवलं. म्हणाली, "तू हात लावू नकोस त्याला." चार वर्षं तो माझ्याच कडेवर वाढला. आईला बरं नसायचं, न्हाऊ घालणं, भरवणं, सगळं माझं. मला त्याच्याकडे नीट पाहूही दिलं नाही. आमच्या वडिलांनी, बापूंनी, त्याला धोतरात गुंडाळून नेलं. कुठं ठेवलं तेही मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही, विचारायचं तोंडच राहिलं नव्हतं. बापू गेले, आई गेली. आता कुणाला विचारू?

आईवर मी रागावले होते. फार वर्षं. दगडावर नाही, तुझ्या बापावर नाही, तुझ्यावर तर नाहीच.

तरीपण तू गावाला खरं सांग. माझ्यासाठी नको, माझं झालं गेलं. ज्या बायका अजून उन्हात खाली उभ्या राहतात त्यांच्यासाठी सांग. आणि ती स्टीलची पाटी लागायच्या आत सांग, नाहीतर ती आणखी शंभर वर्षं राहील.

एक मात्र ऐक. उद्या लगेच तिची देवी करून, खण-नारळ करून, जत्रा भरवू नका. हात भरून बांगड्या घातलेली बाई विस्तवात गेली. आपण होऊन गेली की ढकलली, कोण सांगणार? मला तर ते वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. तिचं नाव माहीत नसेल तर नाव माहीत नाही असं लिहा.

मे महिन्यात धाकट्या मुलाला सुटी आहे. जमलं तर येऊन जाईन. उतरायला तुझ्याच घरी.

गीताअक्का


मांडेगव्हाण
१९ मे २०२५

प्रभाताईस रामराम.

डोळ्याचं आपरेशन झालं मनून तुमाला येता आलं न्हाई, ते तुमचा फोन आल्यावर सुनेनं सांगलं. पट्टी निघाली आसल तर हे वाचा, न्हाईतर निघाल्यावर वाचा. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नका.

एक मेच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो. मला ऐकू येत न्हाई याचा फायदा झाला, मदी कोण काय बोलतंय ते कळलंच न्हाई, सारं सांगून मोकळा झालो. बसल्यावर बगितलं तर भुजंगराव हात नाचवत व्हते. नातवानं पाटीवर लिवून दावलं की ते म्हणायलेत, गुरवाचं डोकं फिरलंय, याची पुजा काढून घ्या. मी मनलो, घ्या. पुजेच्या पेटीची किल्ली सरपंचाच्या टेबलावर ठेवली. प्रियदर्शनीनं त्याच पाटीवर लिवलं, आदी दगड बगू, मग किल्लीचं बगू.

दुसऱ्या दिशी सकाळी तेल लावून, उन्ऊन पाणी सोडून मी खोळ मोकळी केली. पन्नास वर्सांचे थर, हातभर जाड. निघाली तवा आतला हात साऱ्यांना दिसला. बाया पायरीखाली जमल्या व्हत्या. वर या मनलो तरी कुणी येईना. मग सारजाबाई आली. पंधरा दिस झाले ऊसतोडीहून परतून, हाताला अजून कोयत्याचे घट्टे. ती पायरी चढली, दगडी हातावरून आपला हात फिरवला आन् मागं वळून लय मोठ्यानं मनली, "आगं, हिचा चुडा माज्यावानीच हाय की." मग बाकीच्या चढल्या.

समदं गोड झालं आसं समजू नका. भुजंगरावांनी कठड्याचं दान परत घेतलं. अर्ध्या गावाचं म्हणणं हाय की मीच दगड बदलला. काही बाया अजून बी खालीच थांबतात. पुजेचं दसऱ्यानंतर ठरवणार हायेत. शेंदूर मी लावत न्हाई, नुसता दिवा लावतो. दगडाजवळच्या पाटीवर काय लिवायचं त्याचा वाद चालूच हाय. अक्काचं म्हणणं मी सांगलं, नाव माहीत न्हाई. पुस्तकात तुमी तेच लिवा, त्याखाली मी सही करतो.

आता दुसरं.

गीताक्का बारा तारखेला आल्या. मानवत रोडला गाडी वेळेवर आली. मी त्यांना वळखलं न्हाई, त्यांनीच मला वळखलं. जेवण झाल्यावर मी मनलो, चला, वीरोबाकडं जाऊ. त्या आल्या, पायरीखाली चपला काढल्या, वर जाऊन हात जोडले, आन् दोन मिनिटांत खाली आल्या. बाया भवती जमल्या तर कोण कुणाची सून ते इचारत बसल्या. मग मला हातानं खूण केली की चल.

कुठं जायचं ते मी आदीच जाणलं व्हतं. त्यांचं पत्र आल्यापासून मी रोज जाऊन ती जागा साफ करून ठेवली. अवधूतचा तो खड्डा माज्या बानंच खणला व्हता ताई, मास्तरच्या अंगात तवा जोर नव्हता. मी टोपलं धरून व्हतो. वढ्याच्या अल्याड, तात्यारावच्या बांधाला लागून, जिथं बांध वळतो तिथं. वर तवा काटे टाकले व्हते, कुतरी येऊ नयेत मनून. आता तिथं गवत हाय, दुसरं काही न्हाई. खूण मनाल तर मी एकटा.

त्यांच्या पोराला आमी वाटंवरच थांबवलं. अक्का उन्हात उभ्या राहिल्या. मग माज्या कानाशी येऊन लय मोठ्यानं इचारलं, "डोकं कुणीकडं?"

मी दावलं. उत्तरंला, बांधाकडं. पाय वढ्याकडं.

त्या तिकडं गेल्या आन् खाली बसल्या. मांडी घालून, लेकराला निजवताना बाया बसतात तशा. मातीवर हात ठेवला आन् थोपटायला लागल्या. काही तरी मनत बी व्हत्या, ओठ हालत व्हते. मी वढ्यात जाऊन पाठ करून बसलो. ऊन कलल्यावर त्यांनीच हाक मारली आसल, पोरगा मला न्यायला आला.

जाताना कानाशी येऊन मला फक्त एवढंच मनल्या, "प्रभालाही दाव."

ही जागा पुस्तकात घालू नका. डोळा बरा झाला की या. मी दावतो.

बन्सीधर